अरूचा उतार

मागच्या आठवड्यात आमच्या सायकलच्या ग्रुपवर एका नव्या मुलीचा मेसेज आला. ‘रविवारी अरूच्या उतारावर कोण कोण येतंय?’ खाली अंगठ्यांची ही रांग. या मुलीला बदलापुरात येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. अरू काळी की गोरी, तिने पाहिलेलं नाही. आणि वर मलाच विचारते, “काकू, तुम्हाला माहितेय ना तो उतार?”

माहितेय म्हणजे काय! अगं, तो उतार मी शोधला. ही विद्या, जी आता तुला काकू वाटते, तिने. बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की पुढे एके ठिकाणी डांबर सोडून लाल मातीची एक वाट जंगलात शिरते. वाट कसली, ढोरवाट. वाडीवरची गुरं पाण्याला नदीवर जातात, त्यांच्या खुरांनी पडलेली. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मध्येमध्ये करवंदीच्या जाळ्या, आणि एका अंगाला खाली नदीचा आवाज. बराच वेळ ती वाट शहाण्यासारखी नदीच्या कडेकडेने जाते आणि शेवटी एकदम खाली कोसळते. मुळ्यांच्या उंचसखल पायऱ्या, मध्यावर बसलेल्या म्हशीएवढा एक दगड, दगड संपतो न संपतो तोच उलटं वळण, आणि मग नदीची वाळू. मी तिथे पहिल्यांदा पोचले ती रस्ता चुकून, म्हशींच्या मागे मागे. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “प्रमोद, मला आज खजिना सापडलाय.” प्रमोद माझे गुडघे बघून म्हणाला, “तो दिसतोय.”

ग्रुपसुद्धा मीच काढला. आमच्या मांजर्ली भागातल्या आम्ही आठ-दहा बायका, सगळ्या नोकऱ्या करणाऱ्या. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. आठवडाभर रंगाचे वास नाकात भरून घेतल्यावर रविवारी त्या जंगलात शिरलं की डोकं धुऊन निघाल्यासारखं वाटायचं. उतारावरचा नियमही माझाच. पाय टेकला की बाद. दोन वर्षं आम्ही सगळ्याजणी इमानेइतबारे बाद होत होतो. बाकीच्या पहिल्या मुळ्यांपाशीच खाली उतरायच्या, मी एकटी दगडापर्यंत जायचे. दगड दिसला की माझी बोटं आपोआप ब्रेक आवळायची, सायकल थबकायची आणि पाय खाली. पण दगडापर्यंत जाणारी मी एकटीच होते, त्यामुळे माझं चांगलं चाललं होतं. आणखी एखाद्या हिवाळ्यात दगडही पार करीन, अशी माझी खात्री होती.

मग अरुंधती टिपणीस आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली.

दुसऱ्या मजल्यावर. नवरा वापीला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. मुलगा बंगलोरला. ही स्वतः उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर. पन्नाशीची, बुटकी, गोल. सायकलवर बसली की खालची सीट दिसायची नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण लोकांना वाटतं तिची कोणा खेळाडूसारखी शिडशिडीत अंगलट असणार. अजिबात नाही. जिन्यात पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघून म्हणाली, “सायकल चालवतेस वाटतं? मी पण येऊ?”

एकदम एकेरीवर! ओळख ना पाळख. मी म्हटलं, ये की. मनात म्हटलं, डांबर संपेपर्यंत येशील.

तिची सायकल उल्हासनगरच्या बाजारातली, जुनी, दुसऱ्याच कोणीतरी वापरून टाकलेली. तिथल्या दुकानदारांशी ती सिंधीत बोलायची. “छा थियो, साईं?”, म्हणजे काय झालं शेठ, म्हणून सुरुवात करायची, आणि पुढचं सगळं इतक्या झपाट्यात व्हायचं की दुकानदार शेवटी हसत हसत तिला हवं त्या भावात वस्तू देऊन वर चहा पाजायचा. सीटला जीन्सच्या तुकड्याचं कव्हर शिवलेलं होतं. स्वतः मात्र जीन्स कधी घातली नाही. “दिवसभर तेच बघते गं, अंगावर कशाला?” म्हणायची. कॉटनची ढगळ सलवार, चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला रबरबँड, वर नवऱ्याचा जुना शर्ट. डोक्यावर हेल्मेट तेवढं खणखणीत.

त्या पहिल्या रविवारी उताराच्या तोंडाशी मी तिला अर्धा तास शिकवलं. गिअर कुठला, वजन कुठे, ब्रेक कधी. ती पोळीची गुंडाळी खात खात शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, “गुरं दगडाच्या कुठल्या बाजूने जातात?”

“डावीकडून,” मी ठोकून दिलं. डावी बाजू रुंद होती, आम्ही सगळ्या तिकडूनच जायचो.

ती वाकून बघायला लागली. खुरांचे ठसे सगळे उजवीकडे. डावीकडे एक नाही. “बघ, त्यांना रोजची सवय,” असं म्हणून तिने गुंडाळीचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबला, सायकलवर बसली आणि निघाली. मुळ्या, दगड, उजवीकडून, वळण, वाळू. पाय? छे! पाय कुठला टेकतोय. तोंडात घास तसाच.

बायकांनी टाळ्यांनी जंगल डोक्यावर घेतलं. ती खालून ओरडली, “भारी आहे गं तुमचा उतार!” तुमचा म्हणाली हं, तिला दोष देता येत नाही. पण आमची ज्योती, बँकेत असते, तिला उत्साह आवरत नाही. ती वरून किंचाळली, “आता हा अरूचा उतार!” झालं. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या. हातात हातमोजे होते, त्यामुळे आवाज आला नाही.

त्यानंतर मीही उजवीकडून जायला लागले. काही फरक पडला नाही. बाजू कळणं वेगळं आणि ब्रेकवरचं बोट सैल सोडणं वेगळं. दगड आला की माझा पाय खाली. माझ्या मागून ती यायची, दगडावरून सुळकन निघून जायची आणि खाली वाळूत माझी वाट बघत उभी राहायची. वाट बघायची तीही कंटाळून नाही, मजेत. माझ्या पोटात जे दुखायचं त्याला कुठल्या डॉक्टरकडे औषध नाही.

बरं, नुसती सायकल असती तर मी सहन केलं असतं. पण अरूचं सगळंच तसलं. कारखान्यात वर्षानुवर्षं काम करून तिची नजर म्हणजे टेप झाली होती. माणूस दिसला की कंबर मोजून मोकळी. एकदा चहाच्या टपरीवर विषय निघाला म्हणून मी म्हटलं, सायकल चालवून चालवून आता माझी कंबर बत्तीस झालीय. अरू चहात बिस्किट बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, “बत्तीस नाही गं. छत्तीस. पण छान छत्तीस आहे.” सगळ्या बायका फिदीफिदी. टपरीवाल्यानेसुद्धा माझ्या कंबरेकडे बघितलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि ही बया पुढे काय म्हणते? “तुला मी एक पँट शिवून आणते, सायकलला बरी पडेल.” आणली. इतकी नेमकी बसली की आजतागायत दुसरी कुठली पँट मला आवडत नाही. ती घालून मी तिच्यावरच जळत असते.

खाण्याच्या बाबतीत तर विचारू नका. सायकलवर पाण्याची बाटली ठेवायची जी जागा असते, तिथे तिचा स्टीलचा डबा. त्यात सकाळी सहालासुद्धा कोलंबीचं लोणचं आणि पोळी. मी दोन खजूर आणि चार बदाम घेऊन जाणारी बाई. वाळूत बसून ती डबा उघडायची आणि पाच मिनिटांत सगळ्या तिच्याभोवती. माझ्या बदामांना कोणी विचारायचं नाही. “तुझे बदाम तुझ्या स्वभावासारखे आहेत,” ती मला म्हणाली होती. “पौष्टिक. पण चावावे लागतात.” आता यावर माणूस चिडणार की हसणार? मी चिडले. नंतर घरी येऊन हसले, पण ते तिला सांगितलं नाही.

आणि त्या वाडीवरच्या बायका! जंगलातल्या वाटेवर एक नियम आहे, कोणी लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याला वाट. मोळी घेऊन बाई येताना दिसली की आपण सायकलवरून उतरायचं, उताराच्या अंगाला सरकून उभं राहायचं आणि डोंगराकडची बाजू तिला मोकळी करून द्यायची. मीही पाळते. उतरते, उभी राहते, ती गेली की निघते. अरू मात्र पन्नास पावलं आधीच उतरायची आणि तिथेच गप्पांचा फड. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाची शेळी कोणाच्या वावरात शिरली, शेवळाची रानभाजी यंदा कुठे उगवली. आमची लय गेली, वेळ गेला, ऊन चढलं, बाईसाहेब गप्पा मारतायत. दोन वर्षं मी त्या वाटेने जात होते, तर त्या मला ‘टोपीवाली’ म्हणायच्या. हिला चार रविवारांत ‘अरूबाय’. एकदा हिला बरं नव्हतं म्हणून मी एकटीच पुढे होते, तर एका बाईने मोळीखालून मान तिरकी करून मला विचारलं, “टोपीवाले, अरूबाय नाय आली गो?” मी म्हटलं, नाही आली. “मग तू कशाला आलीस?” असं ती म्हणाली नाही, पण तोंडावर तेच होतं.

आता दसऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. ही मी स्वतः कोणाला सांगत नाही, पण अख्ख्या मांजर्लीला पाठ आहे.

माझा पाय दगडापाशी टेकतो याला जुनी सायकल जबाबदार आहे, हे मी प्रमोदला वर्षभर खपून पटवून दिलं होतं. शेवटी त्याने ठाण्याहून नवी आणून दिली. डिस्क ब्रेकवाली. डिस्क म्हणजे चाकाच्या मधोमध पोलादाची एक चकचकीत तबकडी असते, ब्रेक तिलाच दोन्हीकडून चिमटीत धरतो. सायकल आली नवरात्रात. दसऱ्याला मी ती न्हाऊमाखू घातली, झेंडूची माळ घातली, हँडलला आंब्याचा टाळा बांधला. मग पूजेला बसले तर समोर ती पुढच्या चाकाची तबकडी, देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखी लखलखीत. मला राहवेना. तेलात कुंकू कालवलं आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळदीची बोटं. मागचं चाक भिंतीला टेकलेलं होतं म्हणून तेवढं वाचलं.

दसऱ्याला आम्ही नदीवर जाऊन एकमेकींना सोनं देतो, आपट्याची पानं. निघताना मी जाहीर केलं, आज विद्या खालपर्यंत उतरणार. वाटेत पुढचा ब्रेक दाबला की मांजराची शेपूट दारात सापडल्यासारखा आवाज यायचा आणि सायकल काही थांबायची नाही. नवी आहे, होईल नीट, म्हणून मी पुढे. उताराच्या तोंडाशी अरूने तो आवाज ऐकला. खाली वाकली. बोट लावून बघितलं. बोट लाल.

“विद्या, तू डिस्कची पूजा केलीस?”

“मग? दसऱ्याला सायकलची पूजा करायची नाही?”

“तेलाने?”

मला कळेचना काय झालं ते. ज्योतीला मात्र कळलं, ती हसत हसत खालीच बसली. मग दुसरी, मग तिसरी. लॅबमध्ये एवढी वर्षं काढलेली बाई मी, कुठल्या वस्तूवर तेल लावलं की काय होतं हे तिथल्या नव्या मुलांना शिकवते, आणि ज्या वस्तूला घसरायला बंदी तिलाच तेल लावून बसले! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. अरू तेवढी हसली नाही. म्हणाली, “ब्रेकचे पॅड तेल प्यायलेत. पुढचा ब्रेक नाहीच असं समज. तू माझी सायकल घे, तुझी मी आणते खाली.”

“अगं, हातात धरून ने.”

“बघू,” असं म्हणून ती सीटच्याही मागे सरकली, इतकी की पोट सीटवर आलं, आणि फक्त मागच्या ब्रेकवर ती माझी सायकल घेऊन खाली गेली. मागचं चाक मातीत फरफटत होतं, नांगराच्या तासासारखी ओळ उमटत होती. दगड, वळण, वाळू. पाय टेकला नाही. माझ्याच सायकलवरून, एका ब्रेकवर, माझ्याच डोळ्यांसमोर. त्यानंतर मी तिची सायकल घेऊन निघाले. ब्रेक दोन्ही ठणठणीत. दगडापाशी पाय खाली.

वाळूत तिने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. “सोनं घे, सोन्यासारखी राहा.” मी दात आवळून म्हटलं, “तू पण.” तुम्हाला वाटेल, तिने ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगितली असेल. तिने सांगितली, पण कशी? “विद्याच्या नव्या सायकलचा मागचा ब्रेक काय जबरदस्त आहे, मी वाचले त्याच्यामुळे!” तेल-कुंकवाचं सगळीकडे केलं ते ज्योतीने. अशा बाईशी धड भांडताही येत नाही हो. भांडायला समोरच्याचं काहीतरी चुकावं लागतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या पार्किंगमध्ये आली. मांजर्लीत हे होतं, त्याचं कोणाला नवल नाही. मी अंबरनाथला अडकले होते, प्रमोद पुण्याला. घराची काळजी नव्हती, घर तिसऱ्या मजल्यावर. माझा जीव खाली कुलपात लावलेल्या सायकलमध्ये अडकला होता, दर दहा मिनिटांनी मी वॉचमनला फोन लावत होते आणि तो उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत घरी आले तर माझी सायकल अरूच्या हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, चाकांखाली वर्तमानपत्र अंथरलेलं. कोरडी ठक्क. कुलूप तोडून तिने ती खांद्यावर घेऊन वर आणली होती. आणि तिची स्वतःची गच्चीवर, नटबोल्ट सुटे करून वाळत घातलेली. चेन डिझेलच्या डब्यात.

“तुझी आधी आणली,” ती म्हणाली. “परत खाली गेले तोवर पाणी छातीला लागलं. मग म्हटलं, राहू दे माझी, ती काय, पोहायला शिकेल.”

मी तिला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, रडलेसुद्धा. आणि रात्री प्रमोदला फोनवर म्हटलं, “हिला काय गरज होती माझी आधी आणायची?”

“म्हणजे? तुझी बुडायला हवी होती का?”

“तसं नाही रे. पण दोन्ही बुडल्या असत्या तर बरं झालं असतं.”

प्रमोदने फोन ठेवून दिला. त्याला नाही कळायचं ते. उपकार करणारा माणूस आपल्यापेक्षा वरचढ असला की ते उपकार नीट पचत नाहीत, घशाशी येत राहतात.

आणि मग एक दिवस कळलं की ती चालली. नवऱ्याची तब्येत बरी राहत नव्हती, एकट्याने निभेना. नोकरी सोडून ती वापीला जाणार होती. मला सांगायला आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. खरं सांगते, पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, सुटले! आता उतारावर वाट बघत कोणी उभं नसणार. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मी तो उतार उतरायचा आणि अरूने बघायचं नाही? मग उतरून उपयोग काय? ज्योतीने टाळ्या वाजवल्या काय नि नाही काय. मला तिने बघायला हवं होतं. खाली वाळूत उभी राहून नाही, माझ्या मागे, वर, माझी पाठ बघत.

मग मी हट्टालाच पेटले. कामावर जायच्या आधी, कोणाला न सांगता, एकटीच उतारावर जायचे. नडग्या सोलून निघाल्या, कोपराला खपली धरली. प्रमोद विचारायचा, मी म्हणायचे जिन्यात पडले. रोज जिन्यात पडणारी बायको बघून तो बिचारा डोळे तपासून घे म्हणाला. दगड पार व्हायला लागला, पण वळण जमेना. तिथे हमखास पाय. तिचा टेम्पो यायला दोन दिवस उरले तरी जमेना.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच गेलो. बाकीच्यांना कामं होती, आणि मी फार आग्रहही केला नाही. सबंध वाटभर ती वापीचं बोलत होती. “तिथे जंगल नाही गं, नुसते कारखाने. पण दमणगंगा आहे म्हणतात. नदी असली की कडेने वाट असणारच.” म्हणजे तिथेही हिच्या नावाचा उतार होणार, मी मनात म्हटलं.

तोंडाशी आल्यावर ती थांबली. “आज तू पुढे हो. मी मागून येते.”

मला तेच हवं होतं. एवढं धडधडत होतं की हेल्मेटच्या आत आवाज येत होता. मी निघाले. मुळ्या गेल्या. दगड आला, बोटं ब्रेकवर गेली, आणि का कोण जाणे, आवळलीच नाहीत. दगड उजवीकडून गेला. वळण आलं, सायकल कलंडली, मला वाटलं गेले, आणि ती आपली आपण उभी झाली. मग चाकाखाली मऊ लागलं. वाळू! दोन्ही पाय पॅडलवर. मी अशी ओरडले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

“अरू! बघितलंस?”

मागे वळले. वर, उताराच्या तोंडाशी, अरूची पाठ. एका बाईच्या डोक्यावरची मोळी घसरून पडली होती. अरूची सायकल करवंदीत टाकलेली, आणि दोघी मिळून ती मोळी पुन्हा डोक्यावर चढवत होत्या. चुंबळ नीट बसेना म्हणून ती बाई हसत होती, अरू तिला काहीतरी सांगत होती. त्यांचं आटपायला पाच मिनिटं लागली. मी खाली वाळूत सायकल धरून उभी.

“काय गं? ओरडलीस का?” ती वरून म्हणाली.

“मी उतरले! पाय न टेकता!”

“अय्या! खरंच?” ती तिथल्या तिथे नाचली. मग सायकल उचलून सरसरत खाली आली, आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “परत कर. परत कर, मला बघू दे.”

मी सायकल ढकलत पुन्हा वर गेले. आणि पुन्हा निघाले. दगडापाशी पाय टेकला. वळणावर तर सगळीच टेकले, सायकल वर आणि मी खाली. तिने येऊन मला उठवलं, शर्टाची माती झटकली. “जाऊ दे. एकदा झालं ना, मग झालं.”

मी पाण्याशी बसून कोपर धूत होते. डोळ्यांत पाणी येत होतं, ते कोपराचं असं दाखवत होते. तिकडे वाळूत एकाच जागी मोबाईलला रेंज येते, तिथे उभी राहून ती ग्रुपवर बोलत होती. “ऐका गं सगळ्याजणी! विद्या आज वरपासून खालपर्यंत उतरली. पाय एकदाही टेकला नाही. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा पार्टी घ्या तिच्याकडून.” लगेच टिंग टिंग सुरू. ज्योतीने लिहिलं होतं, ‘अरूताई सांगतात म्हणजे शंकाच नको!’ मी स्वतः सांगितलं असतं तर हीच ज्योती म्हणाली असती, हो का, अरूताईंनी पाहिलं का?

माझं डोकंच फिरलं. “तू कशाला सांगितलंस? तू कुठे बघितलंस? तू पाठमोरी होतीस!”

“हो ना, हुकलंच माझं.”

“मग कशावरून सांगितलंस?”

ती खाली वाकून घोट्याचं रबरबँड सारखं करत होती. तिला माझा प्रश्नच कळला नाही. “कशावरून म्हणजे? तू म्हणालीस ना, नाही टेकला.”

आणि ती सायकलवर बसून निघाली. चढावर ती पुढे, मी मागे. सलवारीवर वाळू, नवऱ्याचा शर्ट पाठीला घामाने चिकटलेला, काहीतरी गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर टेम्पो आला आणि ती गेली, त्यामुळे मला ती शेवटची दिसली ती अशीच. सागाच्या झाडांमधून ती दिसेनाशी होईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हेच उलटं झालं असतं तर? मी पाठ फिरवलेली असताना तिने मला सांगितलं असतं, की विद्या, मी उतरले, पाय टेकला नाही? मी तोंडभरून वा वा केलं असतं. आणि मग हळूच वाकून तिच्या बुटांना माती लागलीय का, ते बघितलं असतं.